शर्यत करायचीय? मग रस्त्यावर नको



आज गटाच्या हिशेबाचं, पापड-मसाल्याचं किंवा गांडूळखताचं मी काही सांगणार नाही. आज मी मोटारसायकलच्या शर्यतीबद्दल बोलणार आहे. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्या जणींच्या दारात आज बाईक उभी आहे, तिचा हप्ता कोण भरतं ते तुम्हालाच माहीत आहे, आणि रात्री अकरानंतर ती बाईक कुठे असते हे बऱ्याच जणींना माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं.

गोष्ट माझ्याच माहेरची आहे. माझ्या वहिनीने गटातून तीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं, पिको-फॉलचं मशीन. त्या बैठकीला मी स्वतः हजर होते. वहिनी गोदामात पॅकिंगला जाते, हात चलाख आहे, हप्ते कधी चुकवले नाहीत. मी म्हटलं, द्या. मशीनचं कोटेशन कुठे आहे, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या कुठल्या ताईने कर्ज मागितलं असतं तर मी विचारलं असतं. घरची म्हणून विचारलं नाही.

मशीन आलंच नाही. ते पैसे माझ्या भाच्याने बाईकला लावले. वेगळा सायलेन्सर, जाड टायर, आणखी काहीबाही. भाचा एकोणीस वर्षांचा. रात्री महामार्गाजवळच्या बायपासवर चार-पाच पोरं जमायची, दोघं दोघं जोडीने सुटायची. हजार-पाचशेची पैज. एका रात्री गोदामातून बाहेर पडणारा कंटेनर वळला आणि त्याने ब्रेक दाबला. हात दोन ठिकाणी मोडला, गुडघा सोलून निघाला. डोकं वाचलं, कारण त्या दिवशी वहिनीने ओरडून ओरडून हेल्मेट दिलं होतं.

गटात काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. हप्ता थांबला. दोन जणी वहिनीशी बोलेनात. मी गटाची माफी मागितली. पण आज ते रडगाणं गायला मी आलेले नाही. प्लास्टर घातलेल्या त्या पोराने मला एक प्रश्न विचारला. म्हणाला, "आत्या, शर्यत नको, नको म्हणतेस. मग मी करू कुठे, ते तर सांग."

मला उत्तर येत नव्हतं. ते शोधायला मला बरेच दिवस लागले. जे कळलं ते आज सांगते.

या पोरांना जे करायचं असतं त्याला ड्रॅग रेस म्हणतात. सरळ रेषेतली शर्यत. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि ठरलेलं अंतर आधी कापेल तो जिंकतो. हे अंतर साधारणपणे पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर असतं. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत सरळ मैदानावर जोड्या सुटतात ना, तसंच. फक्त बैलांच्या जागी इंजिन.

बैलगाडीचं नाव काढलं ते मुद्दाम. तुम्हाला आठवत असेल, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शर्यती बंद केल्या होत्या. पुढे २०१७ मध्ये आपल्या राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला न्यायालयाने तो कायदा कायम केला. आता शर्यत होते, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि बैलांना त्रास द्यायचा नाही अशा अटी असतात. शर्यत राहिली आणि तिला नियम आले. मोटारसायकलचंही असंच करता येतं.

अमेरिकेत ते झालंसुद्धा. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिथली तरुण पोरं जुन्या गाड्या घ्यायची, इंजिन वाढवायची आणि रस्त्यावर शर्यती लावायची. माणसं मरायची, पोलीस धरायचे, गाव शिव्या द्यायचं. तेव्हा १९५० साली कॅलिफोर्नियात सांता ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, वॉली पार्क्स नावाच्या माणसाने या खेळाची एक संघटना काढली. पोरांना रस्त्यावरून उचलून बंद जागेत आणायचं, हा तिचा हेतू. १९५३ मध्ये तिची पहिली अधिकृत शर्यत झाली ती पोमोना गावात, जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये. आज ती संघटना जगात मोठी आहे. सुरुवात मात्र आपल्यासारख्याच वैतागलेल्या गावांपासून झाली.

आता आपल्या देशाचं सांगते. भारतात मोटार खेळांची मुख्य संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. तिचं कार्यालय चेन्नईत आहे. पोरं तिला एफएमएससीआय म्हणतात. मोटारसायकलच्या राष्ट्रीय ड्रॅग शर्यती तिच्या परवानगीने होतात. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरकडे इरुंगट्टुकोट्टई इथे शर्यतीचा कायमचा ट्रॅक आहे, तिथे त्या झाल्या आहेत. बंगळुरूचा हेमंत मुद्दप्पा हा यातला अनेक वेळचा राष्ट्रीय विजेता. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या विमानाच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची ड्रॅग शर्यत भरत आली आहे. म्हणजे भिवंडीच्या पोराला जागा अगदीच नाही असं नाही. घरापासून दूर आहे, वर्षभर रोज उघडी नसते, पण आहे.

मग रस्त्यावर आणि धावपट्टीवर फरक तो काय? पोरं म्हणतात, वेग तोच ना.

वेगाचा हिशेब आपण आपल्या पद्धतीने करू. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने बाईक एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. सहावारी साडी साडेपाच मीटरची. म्हणजे पाच साड्या टोकाला टोक लावून पसरा, तेवढं अंतर एका सेकंदात. समोर कंटेनर दिसला आणि हात ब्रेककडे जायला एक सेकंद लागला, तर पाच साड्या संपल्या आणि अजून ब्रेक लागलेलाच नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. म्हणून धावपट्टीवर शर्यत संपते त्या रेषेच्या पुढे लांबच लांब मोकळी जागा ठेवलेली असते, नुसती थांबण्यासाठी. आपल्या बायपासवर शर्यत संपते तिथे चहाची टपरी असते, गतिरोधक असतो, गुरं असतात, आणि गोदामाच्या फाटकातून गाडी बाहेर येत असते. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात जवळपास निम्मी दुचाकीवरची होती.

आता कायदा सांगते, कारण तो थेट आपल्या घरात येतो. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर दहा हजारांपर्यंत, आणि तुरुंगही होऊ शकतो. आणि पोरगा अठराच्या आतला असेल तर? कलम १९९ अ. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला किंवा पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मैत्रिणींनो, आपल्याकडे कितीतरी बाईका आईच्या नावावर आहेत, कारण कर्ज आईच्या नावावर मिळालं. तेव्हा तुरुंगाचा धाक कोणाला, ते समजून घ्या.

आणखी एक. बाईकच्या विम्याचा कागद उघडून बघा. शर्यतीसाठी वापरलेल्या गाडीचं नुकसान नेहमीच्या विम्यात भरून मिळत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीतही नाही आणि परवानगीच्या शर्यतीतही नाही. म्हणून धावपट्टीवर जायचं तेव्हासुद्धा हा खर्च आपला आहे, हे आधी धरायचं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ज्याला खरंच शिकायचंय त्याने सुरुवात कशी करायची?

पहिली पायरी, बघायला जायचं. खेळायला नाही, बघायला. मी, दादा, वहिनी आणि भाचा असे चौघं एक शर्यत बघायला गेलो. भाच्याचा हात गळ्यात. वहिनी आधी कानात बोटं घालून बसली होती, एवढा आवाज. पण थोड्या वेळाने तीच मला दाखवायला लागली, "बघ, अंगात पूर्ण चामड्याचा सूट आहे. बघ, रुग्णवाहिका तिथेच उभी आहे." भाचा गप्प होता. परत येताना म्हणाला, "आत्या, आम्ही करत होतो ते काहीच नव्हतं."

दुसरी पायरी, खेळ समजून घ्यायचा. सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा खांब असतो. वरचे छोटे दिवे सांगतात की तुझं पुढचं चाक रेषेवर नीट आलं. मग पिवळे दिवे खाली खाली लागत येतात आणि शेवटी हिरवा. हिरव्याच्या आधी सुटला तर लाल दिवा, म्हणजे बाद. आता गंमत ऐका. गाडीचं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही, गाडी हलल्यावर सुरू होतं. समजा एका पोराला ४०२ मीटर कापायला १८ सेकंद लागले आणि दुसऱ्याला १८.२. पहिला वेगवान. पण तो हिरवा दिवा पाहून ०.८ सेकंदाने हलला आणि दुसरा ०.३ सेकंदाने. बेरीज करा. पहिल्याचे १८.८, दुसऱ्याचे १८.५. हळू गाडीवाला जिंकला. म्हणून या खेळात इंजिनावर पैसे ओतण्याआधी डोळा आणि हात तयार करावे लागतात. भाच्याने सायलेन्सरवर घातलेले पैसे कशासाठी होते, ते त्याचं त्यालाच कळलं.

अमेरिकेतल्या हौशी लोकांत आणखी एक प्रकार चालतो, तो मला फार आवडला. तिथे आपली गाडी किती सेकंदात जाईल ते आधीच सांगायचं आणि गाडीवर लिहायचं. एकाने २१ सेकंद लिहिले, दुसऱ्याने १८, तर पहिल्याला तीन सेकंद आधी सोडतात. मग जुनी स्कूटरसुद्धा भारी बाईकला हरवू शकते. पण सांगितल्यापेक्षा जास्त वेगाने गेलात तर बहुधा बाद. म्हणजे खोटं सांगून फायदा नाही. कर्जाच्या अर्जावर कारण लिहिताना हा नियम असता तर बरं झालं असतं, असं मी वहिनीसमोर म्हटलं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तिसरी पायरी, कागद. वय अठरा पूर्ण, पक्कं लायसन्स, गाडीची कागदपत्रं, डॉक्टरचा तपासणी दाखला, रक्तगट. राष्ट्रीय शर्यतीसाठी एफएमएससीआयचं स्पर्धकाचं वेगळं लायसन्स काढावं लागतं. प्रत्येक शर्यतीच्या अटी वेगळ्या असतात, त्या फॉर्म भरण्याआधी वाचायच्या.

चौथी पायरी, अंगावरचं सामान. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, चामड्याचा सूट. पैसे कमी असतील तर आधी हेल्मेट, आणि तेही आयएसआय खुणेचं. पडलेलं, तडकलेलं, सेकंडहँड हेल्मेट घ्यायचं नाही. वरून ठीक दिसलं तरी आतलं थर्माकोल दबलेलं असतं. इंजिनचे पैसे सगळ्यात शेवटी.

पाचवी पायरी, गाडी. सुरुवातीला गाडी आहे तशीच न्यायची. इंजिनच्या सीसीप्रमाणे गट पाडलेले असतात, लहान बाईक लहान बाईकशीच भिडते. शर्यतीआधी गाडीची तपासणी होते. ब्रेक, टायरची नक्षी आणि हवा, चेनचा ढिलेपणा, ऑइलची गळती, ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप मागे येतो का, इंजिन बंद करायचं बटण चालतं का. ही यादी घरी भिंतीला लावा. पोरगा शर्यतीत जाओ न जाओ, रोज कामावर जाणाऱ्या बाईकलाही ती लागू आहे.

सहावी पायरी, पहिल्या दिवशी जिंकायचं नाही. आपल्या पट्ट्यातून बाहेर जायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही, शेवटच्या रेषेनंतर एकदम ब्रेक दाबायचा नाही. वेळ नोंदवून घ्यायची. पुढच्या वेळी त्याच गाडीवर अर्धा सेकंद कमी करून दाखवायचा. खरी शर्यत ती.

आता आयांचं काम. पोरगा म्हणाला की अमुक ठिकाणी "परवानगीची" शर्यत आहे, तर एवढे प्रश्न विचारा. परवानगी कोणाची, कागद दाखव. जागा चारी बाजूंनी बंद आहे का, की लोक मधून जातात? रेषेनंतर थांबायला जागा किती? रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर आहेत का? गाडी कोण तपासतं? आणि सही कशावर करायला लावतात? स्पर्धकाकडून बहुतेक वेळा लिहून घेतात की काही झालं तर जबाबदारी माझी. तो कागद घरी आणायला सांगा, वाचा, मगच ठरवा. एकाही प्रश्नाचं उत्तर "होईल गं आई" असं आलं, तर किल्ली आपल्याकडे.

हे सांगत असताना आमच्या एका बैठकीत एका ताईची बारावीतली मुलगी मागे बसली होती. तिने हळूच विचारलं, "ताई, हे मुलींना चालतं का?" बायका हसल्या. मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. अमेरिकेत शर्ली मल्डाउनी नावाच्या बाईने ड्रॅग शर्यतीच्या सगळ्यात वेगवान गटाचं लायसन्स १९७३ मध्ये मिळवलं. ते मिळवणारी ती पहिली बाई. मग १९७७, १९८० आणि १९८२ असं तीनदा तिने अजिंक्यपद जिंकलं. आपल्या देशात बंगळुरूची ऐश्वर्या पिसे २०१९ मध्ये मोटारसायकलच्या बाजा शर्यतींचा महिलांचा जागतिक किताब घेऊन आली. ती वाळू-मातीतली लांब शर्यत असते. आणि आपल्या पुण्याची डायना पंडोले २०२४ मध्ये मोटारींच्या शर्यतीत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. ती दोन मुलांची आई आहे. तेव्हा चालतं. पण मुलीलाही लायसन्स अठरानंतर आणि हेल्मेट आधी.

आता आमच्या घरचं काय झालं ते सांगून थांबते. सायलेन्सर काढून जुना बसवला. भाचा पुन्हा कामाला लागला आणि गटाचा हप्ता आता तो त्याच्या पगारातून भरतो. वहिनीच्या नव्हे, स्वतःच्या. अजून अकरा हप्ते बाकी आहेत. ते फिटल्याशिवाय शर्यतीचा फॉर्म भरायचा नाही, असं त्याने आणि त्याच्या आईने मिळून ठरवलंय. तो कधी उतरेल की नाही, मला माहीत नाही. मनातून मला अजून भीती वाटते. पण रात्री अकरानंतर बाईक दारात असते, आणि पुढच्या शर्यतीच्या तारखा तो मला आपण होऊन सांगतो. पूर्वी काही सांगत नव्हता.

आमच्या गटाने दोन नियम केले. कर्जाला कोटेशन हवं, समन्वयकाची वहिनी असली तरी. आणि बाईकसाठी कर्ज घेतलं तर हेल्मेटची पावती त्याच फाइलमध्ये.

येत्या बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं काढा. एकमेकींना विचारा, तुमच्या घरची बाईक कोणाच्या नावावर आहे, आणि रात्री कुठे असते. उत्तर येत नसेल तर घरी जाऊन पोराला विचारा. ओरडू नका, विचारा. आणि तो म्हणाला की मला वेग आवडतो, तर त्याला सांगा, चल, कुठे करतात ते आपण दोघं मिळून बघून येऊ.